उशिरा येणाऱ्या मात्रा

दहावीच्या अंतर्गत गुणांना अंतिम मान्यता देण्याचं काम वासंतीताई इंगळे स्वतः करत. अकोल्यातल्या त्या शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्यापासून त्यांनी ते कधी कोणावर सोपवलं नव्हतं. त्या दुपारीही डबा खाऊन त्या टर्मिनलसमोर बसल्या, शेरे टंकू लागल्या आणि दोनचार नावं होताहेत न होताहेत तोच पडदा राखाडी झाला. त्यावर एक ओळ उमटली : 'आपण वासंती इंगळे नाहीत. कृपया जागा सोडा.'

त्यांनी फोन उचलला.

"शलू, तुझ्या त्या राखणीनं मला माझ्याच खुर्चीतून उठवलं. ये आणि सांग तिला, मी कोण आहे ते."

शलाका गावंडे ही त्यांची धाकटी बहीण. संस्थेच्या सगळ्या शाळांच्या संगणकजाळ्याची सुरक्षा तिच्याकडे होती. दुसऱ्या कोणी हे ऐकून हसलं असतं. शलाकाला हसू आलं नाही. तिच्या मनात पहिली शंका आली ती घुसखोराची, कारण एकदा ती पोळली होती.

संस्थेच्या शाळांत टेबलावर जे असे, त्याला संगणक म्हणणं जरा धाडसाचंच. मुठीएवढी एक डबी, एक पडदा आणि कळफलक. डबीत साठवण नाही, चकती नाही, स्वतःचं असं काहीच नाही. सकाळी बटण दाबलं की ती जाळ्यावर हाक मारते, आणि मध्यवर्ती सर्व्हर तिला लिनक्सची एक प्रत धाडतो. ती प्रत अंगात आली की डबीला आपण कोण ते समजतं. संध्याकाळी वीज बंद केली की ती पुन्हा कोरी. शिक्षकांनी टंकलेलं प्रत्येक अक्षर सर्व्हरवर जातं, तिथंच राहतं. यंत्रं स्वस्त, वर्षानुवर्षं टिकणारी, आणि चोरून नेली तरी चोराच्या हाती काही लागत नाही.

पण हाकेला ओ देणारा सर्व्हरच आहे की दुसरा कोणी, हे डबीला कळत नसे. जो आधी बोलेल त्याचं ती ऐके. दोन वर्षांपूर्वी एका शाळेच्या प्रयोगशाळेत कपाटामागे कोणीतरी एक चिमुकलं यंत्र जोडून ठेवलं. ते सर्व्हरच्या आधी ओ द्यायला लागलं, आणि अख्खी प्रयोगशाळा निमूटपणे त्याची झाली. शिक्षकांचे पासवर्ड गेले. काही मुलांचे गुण रातोरात वाढले, आणि ज्यांचे वाढले ती पोरं, त्यांना गंधवार्ता नसताना, चौकशीत भरडली गेली.

त्यानंतर शलाकाने सगळं जाळं आवळलं. सर्व्हरच्या प्रतीवर सही आली, आणि ती सही तपासल्याखेरीज डबी जागी होईना. वाटेतलं सारं बोलणं कूटभाषेत गेलं. उरला प्रश्न खुर्चीवर बसलेल्या माणसाचा. पासवर्ड शिक्षक एकमेकांना सांगत, पडद्याच्या कडेला चिकटवून ठेवत. म्हणून पुण्याच्या एका कंपनीकडून तिने 'राखण' आणली.

राखण पासवर्ड विचारत नसे. ती बोटं ओळखे. कळ किती वेळ दाबलेली राहते, एका कळीवरून दुसरीवर बोट किती वेळात जातं, चुकल्यावर माणूस किती थबकतो, या सगळ्यांची एक लय असते आणि ती चालीइतकीच ज्याची त्याची असते. डबी प्रत्येक कळ त्या क्षणीच सर्व्हरला कळवत असल्याने ही लय मोजायला वेगळं काही करावं लागत नव्हतं. माणूस बसला, दोन ओळी टंकल्या, की राखणीला कळे, हा आपला की परका.

शलाका शाळेत पोचली तेव्हा वासंतीताई खुर्ची न सोडता बसल्या होत्या.

"तू नसताना ह्या खुर्चीवर कोणी बसलं होतं का ताई?"

"कोण बसणार? केबिनची किल्ली माझ्या पर्सेत असते."

शलाकाने आपल्या अधिकारात कुलूप काढलं आणि बहिणीला एक परिच्छेद टंकायला लावला. ती शेजारी उभी राहून पाहत होती. बसलेली बाई वासंती इंगळेच होती. आई गेल्यावर जिने तिला शाळेत घातलं, मराठी टंकलेखन शिकवलं, पुण्याला शिकायला धाडलं, ती ताई. राखणीने परिच्छेद वाचला आणि पुन्हा तेच सांगितलं : नाही.

"बिघडली वाटतं तुझी राखण," ताई म्हणाल्या.

"असेल," शलाका म्हणाली.

राखण बिघडली नव्हती. ऑफिसात परतल्यावर शलाकाने साठवलेल्या नोंदी उघडल्या तेव्हा तिला तिचंच एक कलम आडवं आलेलं दिसलं. माणसाची लय वयानुसार थोडी बदलते, म्हणून राखण आपला नमुना हळूहळू सुधारून घेत असे. मागच्या प्रकारानंतर शलाकाने त्याला लगाम घातला होता, कारण एखादा भामटा रोज थोडी थोडी नक्कल करत राखणीला आपलंसं करू शकला असता. मूळ नमुन्यापासून ठरावीक अंतरापलीकडे गेलेल्याला तिने बाहेर काढायला सांगितलं होतं. ताई त्या अंतरापलीकडे गेल्या होत्या. एका दिवसात नव्हे, वर्ष-सव्वा वर्षात, एकसारख्या उतारावरून.

तिने उतार सोडवून पाहिला. मराठीच्या कळफलकावर स्वर आणि मात्रा डाव्या हाताकडे असतात, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताकडे. ताईंची व्यंजनं पूर्वीसारखीच वेळेवर येत होती. मात्रा मागे राहत होत्या. काना, वेलांटी, उकार, सगळं किंचित उशिरा येत होतं, आणि कधी किती उशिरा याचा नेम राहिला नव्हता. वाचणाऱ्याला यातलं काहीच दिसलं नसतं. शब्द पुरे होते, शुद्ध होते.

कळफलकच सदोष असेल, म्हणून तिने तीच चाळणी संस्थेतल्या सगळ्या शिक्षकांच्या नोंदींना लावली. तसाच उतार आणखी तीन ठिकाणी निघाला. एका बाईंचं मनगट मोडलं होतं. एका सरांना नवा कळफलक मिळाला होता. तिसरं नाव चित्रकलेचे शिक्षक रमाकांत खोटरे यांचं होतं. त्यांच्या उताराला तिला काहीच कारण सापडलं नाही.

तिने त्या उतारांच्या रेषा पुण्याला कंपनीत पाठवल्या आणि फोन लावला. तिथल्या अभियंत्याने रेषा पाहिल्या.

"मॅडम, ह्या वळणाला आमच्याकडे नाव आहे. पण तुमच्या करारात ते सांगायची परवानगी नाही."

"मग कोणाच्या करारात आहे?"

"पुढच्या आवृत्तीत येतंय. कर्मचारी-स्वास्थ्य म्हणून. एका बाजूची बोटं अशी मागे पडायला लागली की बऱ्याचदा कंपवाताची सुरुवात असते. हात थरथरायच्या कितीतरी आधी कळतं. खात्री नाही म्हणता येणार, डॉक्टरच सांगतील. पण आमचा अंदाज फारसा चुकत नाही."

शलाकाने आभार मानून फोन ठेवला. अभियंत्याच्या आवाजात अभिमान होता आणि तो उगाच नव्हता, असं तिला वाटलं.

रविवारी ती बहिणीकडे गेली. वासंतीताई स्वयंपाकघरात भाकरी थापत होत्या. शलाका ओट्याला टेकून उभी राहिली. परातीतली भाकरी उजव्या हाताच्या थापेने फिरत होती. डावा हात नुसता कडेला होता, आधाराला ठेवल्यासारखा.

"काय बघून राहिली तू एवढी?"

शलाकाने सांगितलं. तिने वाक्यं वाटेत जुळवून ठेवली होती, त्यामुळे ती एकामागून एक नीट आली. ताईंनी भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी गॅस बंद केला.

"किती दिवस माझ्या बोटांवर नजर ठेवून आहेस?"

"मी नाही ताई. राखण."

"आणि राखण कोणाची?"

शलाकाने ओट्यावर सांडलेलं पीठ बोटाने एका कडेला सारलं.

"मी तिथे काय काय लिहिलं ते तू वाचू शकतेस, हे मला ठाऊक होतं. ते शाळेचं आहे, वाच. पण मी कशी लिहिते, कुठे अडखळते, हे मी शाळेला दिलं नव्हतं. माझ्याबद्दल मला ठाऊक नाही ते तुला ठाऊक, आणि तू ते आठवडाभर पदरात बांधून हिंडतेस?"

"मला खात्री करायची होती."

"मला विचारून करायची होतीस."

भाकरी तशीच राहिली. शलाका न जेवता निघाली. दारापर्यंत ताई आल्या नाहीत, आणि असं आजवर कधी झालं नव्हतं.

पण दोन दिवसांनी ताईंनीच फोन केला. सोबत ये, एवढंच म्हणाल्या. मेंदूविकाराच्या डॉक्टर काझी यांनी त्यांना चालायला लावलं, अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर आपटायला लावली, हात कोपरातून हलवून पाहिले. मग चाचण्या झाल्या. निदान तेच निघालं.

"तुम्ही फार लवकर आलात," डॉक्टर म्हणाल्या. "लोक येतात तेव्हा कप हातात धरवत नसतो. औषध आणि व्यायाम नेमाने केलात तर पुष्कळ वर्षं तुम्ही तुमची कामं करू शकाल. आजार जाणार नाही. पण लवकर येण्याचा फायदा आहे, तो घ्या."

परतताना रिक्षात वासंतीताई बराच वेळ बाहेर बघत होत्या.

"राग गेला असं समजू नको," त्या म्हणाल्या. "औषध घेईन मी. पण राग आहे."

गोष्ट एवढ्यावर राहिली नाही. मुख्याध्यापिकेला राखणीने बाहेर काढलं याची सूचना नियमाप्रमाणे संस्थेच्या सचिवांकडे आपोआप गेली होती. सचिव अॅडव्होकेट उल्हासराव महल्ले यांनी कंपनीला विचारलं, कंपनीने नव्या आवृत्तीची माहिती दिली, आणि उल्हासरावांनी शलाकाला बोलावून घेतलं. ते वाईट मनुष्य नव्हते. त्यांच्या वडिलांना हाच आजार झाला होता आणि फार उशिरा कळला होता.

"गावंडे मॅडम, माणसाचं भलं त्याच्या दारात चालत आलंय. आपल्या शिक्षकांना कोणता आजार होऊ घातलाय, कोण थकलंय, कोणाची झोप उडालीय, सगळं आधी कळेल. घेऊन टाकू या."

"आणि कळल्यावर?"

"उपचार. दुसरं काय? अर्थात," ते जरा थांबले, "वर्गावर कोणाला ठेवायचं, कोणाला बढती द्यायची, ह्याचाही विचार करता येईल. संस्था चालवायची म्हणजे पुढचं बघावं लागतं."

"तो विचार शिक्षकांना सांगून करायचा की न सांगता?"

"आधी सभेत ठेवू," उल्हासराव म्हणाले.

शलाकाने सभेपर्यंतचे दिवस कामात घालवले. राखण काढून टाकणं तिला परवडणारं नव्हतं. तसं केलं तर दार पुन्हा सताड उघडं, आणि पुन्हा कोणीतरी पोरं चौकशीत. प्रश्न असा होता, की माणूस ओळखता यावा आणि माणसाबद्दल दुसरं काही कळू नये. अडचण डबीच्या स्वभावातच होती. तिच्यात काहीच राहत नाही म्हणून सगळं सर्व्हरकडे वाहत जातं, बोटांच्या लयीसकट. तेव्हा लयीला राहायला दुसरी जागा द्यायला हवी होती.

ती जागा तिने गळ्यातल्या ओळखपत्रात केली. पत्रात एक सूक्ष्म चिप, आणि त्या माणसाच्या लयीचा नमुना फक्त तिच्यात. डबीत पत्र घातलं की तुलना पत्रातच होणार आणि सर्व्हरला जाणार फक्त सहीनिशी एक शब्द : होय किंवा नाही. बाकी कळा डबी सपाट करून पाठवणार. अक्षरं तीच, पण त्यांच्यामधलं अंतर एकसारखं केलेलं, जसं छापलेल्या पानात लिहिणाऱ्याचा हात दिसत नाही. हे सपाट करण्याचं काम सही केलेल्या प्रतीतच गुंफलेलं होतं, त्यामुळे ते कोणाला गुपचूप काढता येणार नव्हतं. खुद्द शलाकालाही नाही.

सभा संस्थेच्या सभागृहात भरली. आधी उल्हासराव बोलले, मग शलाकाने आपली योजना मांडली. शिक्षक दोन्हीकडे सारख्याच शंकेने बघत होते. मग वासंतीताई उठल्या.

"मला कंपवात झालाय," त्या म्हणाल्या. "ह्याच यंत्रामुळे लवकर कळलं. त्याबद्दल मी त्याचे उपकार मानते. पण माझ्या आधी ते माझ्या बहिणीला कळलं, तिच्या आधी कंपनीला कळू शकलं असतं, आणि उद्या सचिवांना कळलं असतं. मी सगळ्यात शेवटी. माझ्या हाताची बातमी मला शेवटी मिळावी, हे मला चालणार नाही. तुम्हाला चालत असेल तर तसं सांगा."



उल्हासरावांनी शलाकाकडे पाहिलं. "तुमच्या योजनेत, वासंतीबाईंना कळलं तसं दुसऱ्या कोणाला कळेल का?"

"नाही."

"म्हणजे उद्या एखाद्याला आजार असेल, आणि आपल्याला वेळेत सांगता आलं असतं, तरी आपण सांगू शकणार नाही?"

"नाही सांगू शकणार," शलाका म्हणाली. "ती किंमत आहे."

उल्हासरावांनी मान हलवली. ती मान पटल्याची होती की नुसती ऐकल्याची, हे कळलं नाही, पण ठराव झाला. ओळखपत्रं वाटायची, सर्व्हरवरच्या जुन्या नोंदी पुसायच्या. पुसण्याआधी आठवडाभर ज्याला आपली रेषा पाहायची असेल त्याने येऊन पाहावी, एकट्याने. जो येणार नाही त्याची कोणी पाहायची नाही.

लोक आले. काही हसत आले, काही दार लावून घेऊन बसले. विज्ञानाच्या एक बाई आपली परीक्षेच्या हंगामातली रेषा पाहून म्हणाल्या, "बाप्पा, मी एवढी दमले होते?" मनगट मोडलेल्या बाईही आल्या. खोटरे सर आले नाहीत.

शलाका रोज वाट पाहत होती. शेवटचा दिवस उजाडला तेव्हा ती ताईंकडे गेली. केबिनमध्ये वासंतीताई हातात रबरी चेंडू दाबत बसल्या होत्या. मधल्या दिवसांत दोघींचं बोलणं पुन्हा सुरू झालं होतं, पण पूर्वीचा मोकळेपणा आला नव्हता.

"एक माणूस आहे," शलाका म्हणाली. "त्याने यायला हवं आणि तो येत नाहीये. नाव सांगत नाही."

"सांगू नको."

"मी जाऊन सांगू का त्याला?"

ताईंनी चेंडू टेबलावर ठेवला. "मला तू आधी विचारलं असतंस, की ताई, तुझी बोटं बघू का, तर मी नाही म्हटलं असतं. सरळ नाही. आणि आज मी औषध घेत नसते. आता तू मला विचारतेस, त्या माणसाचं काय करू. मी काय सांगू? ते नाही म्हणणंही माझंच, आणि हे औषधही माझंच."

शलाका उठली. नियम तिनेच लिहिला होता. जो येणार नाही, त्याची रेषा कोणी पाहायची नाही. तिने ती आधीच पाहिलेली होती, याबद्दल नियमात काही नव्हतं. वाटेत तिने मनाशी एक मधला मार्ग ठरवला. सांगायचं नाही. फक्त आठवण करून द्यायची. आजचा शेवटचा दिवस आहे, सर, एकदा येऊन जा, एवढंच. यात नियम मोडत नव्हता.

चित्रकलेच्या वर्गात मधली सुट्टी होती. खोटरे सर खिडकीपाशी एकटेच बसून एक मोठा कागद रंगवत होते. शाळेच्या स्नेहसंमेलनाचा पडदा असावा. पन्नाशीला आलेला, बारीक चणीचा, कमी बोलणारा माणूस. तिला पाहून त्यांनी कुंचला पाण्यात बुडवला आणि उभे राहिले.

"या मॅडम. काही बिघडलं का?"

"नाही सर. सहज आले. आजचा शेवटचा दिवस आहे नोंदी बघायचा. पाच वाजता पुसणार. म्हटलं, तुम्ही आला नाहीत, तर आठवण करावी."

"मला बघायची नाही," ते म्हणाले. "मी तसं ठरवूनच आलो नाही."

"हो. ते तुमच्यावर आहे. मी फक्त आठवण करायला आले."

"बरं."

ती वळली. दारापर्यंत गेली असेल, तेवढ्यात त्यांनी मागून विचारलं, "मॅडम, किती लोक आले नाहीत?"

"पुष्कळ. निम्मे तरी."

"त्यातल्या किती जणांकडे तुम्ही असं जातीने गेलात?"

शलाका दारात थांबली. खोटं बोलायला एक शब्द पुरला असता. तो तिच्या तोंडाशी आलाही. पण उशीर झाला होता. तिच्या गप्प राहण्याची लांबी खोटरे सरांनी मोजली होती.

बाहेर मैदानात मुलं खो-खो खेळत होती. सरांनी खिडकी ओढून घेतली, तसा आवाज जरा कमी झाला. मग त्यांनी पाण्यातून कुंचला काढला, कडेला निथळवला आणि दोन्ही हात समोर धरून त्यांच्याकडे पाहिलं, जणू ते दुसऱ्या कोणीतरी सांभाळायला दिले होते.

"डावा की उजवा?" त्यांनी विचारलं.

"सर, मला ते सांगायचा अधिकार नाही."

"अर्धं सांगून झालंय तुमचं. उरलेलं अर्धं माझ्याजवळ अधांतरी ठेवून जाऊ नका."

शलाकाने दार आतून लोटलं.

"डावा," ती म्हणाली.

खोटरे सर खाली बसले. कुंचला उजव्या हातात होता. त्यांनी तो रंगात बुडवला आणि कागदावर एक लांब, सरळ रेघ ओढली, कडेपर्यंत.

"इंगळे बाई कोणत्या डॉक्टरांकडे जातात?" रेघ संपल्यावर त्यांनी विचारलं.